बोर्डावरचं अनोळखी तांबं कसं ओळखायचं

ईएसपी-१२ किंवा ईएसपी-३२ चं छोटं वायफाय मॉड्यूल हातात घेतलं की एका टोकाला नागमोडी तांब्याची पट्टी दिसते. मल्टीमीटर बझरवर ठेवा, एक प्रोब त्या पट्टीवर आणि दुसरा ग्राउंडवर टेकवा. मीटर वाजतो. नव्याने दुरुस्ती शिकणाऱ्याला वाटतं, शॉर्ट सापडला. प्रत्यक्षात तिथे काहीच बिघडलेलं नाही. ती अँटेना आहे, आणि तिचा एक पाय ग्राउंडला जोडलेला असतो तो मुद्दामच. डीसीला जे शॉर्ट दिसतं ते २.४ गिगाहर्ट्झला शॉर्ट नसतं.

पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डावर, असे कितीतरी आकार असतात ज्यांच्यावर कुठलाही पार्ट बसवलेला नसतो: टोकदार त्रिकोण, एकट्या गोल टिकल्या, कारण नसताना वळणं घेणारे ट्रॅक, कशालाच न जोडलेल्या चौकोनांची जाळी. काही आकार फक्त कारखान्याच्या सोयीचे असतात. काही आकार मात्र स्वतःच पार्ट असतात. तिथे तांबंच कॉइल असतं, तांबंच फिल्टर, तांबंच फ्यूज. या दोन गटांतला फरक कळला नाही तर चांगला बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावरच मरतो. म्हणून ब्लेड किंवा सोल्डरिंग आयर्न उचलण्याआधी काय पाहायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : वीज काढा, कपॅसिटर रिकामा करा, बोर्ड धुवा

बोर्ड थेट २३० व्होल्टवर चालणारा असेल, म्हणजे टीव्हीचा पॉवर सप्लाय, अ‍ॅडाप्टर किंवा एलईडी ड्रायव्हर, तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने टोकं शॉर्ट करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या टोकांना इन्सुलेशन चढवलेल्या वायरी जोडा आणि कपॅसिटरवर काही सेकंद धरा. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून खात्री करा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. वाळलेला फ्लक्स, धूळ, झुरळांची घाण आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात तांब्यावर चढणारा हिरवा थर यांमुळे खरा आकारच दिसत नाही. अनेकदा ज्याला ‘विचित्र ट्रॅक’ समजलं जातं ती नुसती गंजाची रेघ निघते.

पायरी २ : दोन्ही बाजू एकत्र पाहा

मोबाइलने दोन्ही बाजूंचे सरळ, सपाट फोटो काढा. मागच्या बाजूचा फोटो आडवा उलटवा, म्हणजे आरशातल्यासारखा होईल, आणि तो पुढच्या फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवा. वरचा ट्रॅक कोणत्या भोकातून खाली गेला आणि पुढे कुठे निघाला, हे यातून डोळ्यांना दिसतं.

त्यानंतर बोर्ड ट्यूबलाइट किंवा टॉर्चसमोर धरा. ही एक गोष्ट केली तरी अर्धी उत्तरं मिळतात. चार किंवा जास्त थरांच्या बोर्डात आतल्या ग्राउंडच्या पत्र्यामुळे प्रकाश अडतो. एखाद्याच भागातून उजेड आरपार येत असेल तर तिथे कुठल्याच थरात तांबं नाही, म्हणजे डिझायनरने ते मुद्दाम काढलं आहे. मुद्दाम काढण्याची कारणं बहुतेक दोनच: जवळ अँटेना किंवा कॉइल आहे, नाहीतर धोकादायक व्होल्टेज दूर ठेवायचं आहे.

पायरी ३ : चार प्रश्न, याच क्रमाने

पहिला: या तांब्यावर सोल्डर मास्क, म्हणजे तो हिरवा किंवा काळा लेप, आहे की तांबं उघडं आहे? उघडं ठेवलेलं तांबं कोणाच्या तरी स्पर्शासाठी असतं. तो स्पर्श सोल्डरचा, प्रोबचा, रबरी बटणाचा, धातूच्या झाकणाचा किंवा कॅमेऱ्याच्या नजरेचाही असू शकतो.

दुसरा: ते कशाला जोडलेलं आहे? बझर लावून ग्राउंडशी, मुख्य सप्लायशी आणि जवळच्या आयसीच्या पायांशी तपासा.

तिसरा: शेजारी कोण आहे? मेमरी चिपजवळची वळणं आणि मॉसफेटजवळची (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरजवळची) वळणं दिसायला सारखी असली तरी काम पूर्ण वेगळं असतं.

चौथा: त्याच जागी बरोबर मागच्या बाजूला काय आहे?

सगळ्यात जास्त घाई दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर होते. मीटरचा बझर फक्त डीसीचं सांगतो आणि रोध ठरावीक मर्यादेच्या खाली असला की सरसकट वाजतो. कॉइल, शंट (करंट मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) आणि अँटेना हे तिघेही त्याला सारखेच. म्हणून बझर हा चौघांतला एक साक्षीदार समजावा, न्यायाधीश नव्हे.

कशालाच न जोडलेलं तांबं

हा गट सोपा आहे. बोर्डाच्या तीन कोपऱ्यांत साधारण १ मिमी व्यासाची चकचकीत टिकली आणि तिच्याभोवती २ ते ३ मिमीचं मोकळं वर्तुळ दिसलं, तर ती फिड्युशियल खूण आहे. पार्ट बसवणाऱ्या मशीनचा कॅमेरा तिच्यावरून बोर्डाची नेमकी जागा ओळखतो. बारीक पायांच्या मोठ्या आयसीच्या कर्णावर अशाच आणखी दोन खुणा असू शकतात. त्यांना टेस्ट पॉइंट समजून वायर लावू नका, तिथे सिग्नल नसतो.

रिकाम्या जागी ठिपक्यांची किंवा छोट्या चौकोनांची जाळी दिसली तर ती प्लेटिंगसाठी असते. तांबं चढवताना करंट बोर्डभर सारखा वाटला जावा आणि थराची जाडी एकसारखी यावी म्हणून ती भर घालतात. शील्डिंगशी तिचा संबंध नाही.

कडेला पायऱ्यांसारखे मांडलेले १, २, ३, ४ हे आकडे थरांचा क्रम दाखवतात. ‘९४व्ही-०’ हा मजकूर बोर्डाचा मॉडेल नंबर समजून लोक इंटरनेटवर शोधत बसतात. तो यूएल या अमेरिकी सुरक्षा-तपासणी संस्थेच्या आग-प्रतिबंधक मानकातला दर्जा आहे आणि हजारो वेगवेगळ्या बोर्डांवर तोच सापडेल. त्याच्या शेजारचे चार आकडे बहुधा आठवडा आणि वर्ष सांगतात; आधी काय आणि नंतर काय, हे कारखान्यागणिक बदलतं.

उघडं तांबं

छोट्या गोल पॅडवर भिंगाखाली सुईने टोचल्यासारखा बारीक खळगा दिसला, तर तो टेस्ट पॉइंट आहे. कारखान्यात स्प्रिंगच्या पिना तिथे टेकलेल्या असतात. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावर असे चार पॅड एका ओळीत असतील तर तो बहुतेक सिरियल पोर्ट, म्हणजे संगणक जोडून बोर्डाशी बोलायची जागा. आधी धातूच्या शील्डशी वाजणारा पॅड शोधा, तो ग्राउंड. मग बोर्ड चालू करून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. स्थिर ३.३ व्होल्ट दाखवणारा सप्लाय असू शकतो, आणि सुरू होताना पहिले काही सेकंद ज्याचा आकडा हलतो तो टीएक्स, म्हणजे डेटा बाहेर पाठवणारा. हे फक्त १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या बोर्डांसाठी आहे. ज्या बोर्डात २३० व्होल्ट थेट येतात, तिथे चालू स्थितीत प्रोब फिरवू नका. आणि या पोर्टला ५ व्होल्टचं सिरियल कन्व्हर्टर जोडू नका.

पॉवर सप्लायच्या खालच्या बाजूला रुंद ट्रॅकवर सोल्डरचे जाड फुगीर पट्टे असतात. साधं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. जास्त करंटसाठी मास्क उघडा ठेवून त्यावर सोल्डर चढू देतात. सोल्डरचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे आठपट असल्याने पातळ थराचा फारसा उपयोग होत नाही. दुरुस्तीत तिथलं सोल्डर शोषून काढलं असेल तर ते परत जाड भरा. त्याहून चांगलं म्हणजे ट्रॅकवर तांब्याची उघडी तार झोपवून सोल्डर करा.

आयसीच्या पायांच्या ओळीच्या शेवटी एखादा जास्तीचा, थेंबासारखा लांबट पॅड असतो. वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड जाताना शेवटच्या दोन पायांत सोल्डर अडकून शॉर्ट होतो; ते जास्तीचं सोल्डर ओढून घेण्यासाठी हा पॅड.

रिमोटच्या बोर्डावर दोन फण्या एकमेकींत अडकवल्यासारखी नक्षी असते. वर रबरी बटणाची कार्बनची टिकली दाबली गेली की दोन्ही फण्या जोडल्या जातात. हीच नक्षी पावसाच्या सेन्सरवरही सापडते, तिथे कार्बनचं काम पाण्याचा थेंब करतो. ही नक्षी सँडपेपरने घासू नका, अल्कोहोलने पुसा.

मध्ये चीर असलेले दोन अर्धे पॅड म्हणजे सोल्डर जंपर. काही जंपर उघडे येतात, काही बारीक रेघेने आधीच जोडलेले. अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर ‘रीसेट-ईएन’ अशी खूण असते, तिथली रेघ कापली की संगणकाकडून होणारा आपोआप रीसेट बंद होतो. जंपरचे पॅड सोल्डर निघालेलं बघून ‘सुधारू’ नका. ते उघडे ठेवणं हीच निवड असू शकते.

आणखी एक आकार फार नाजूक आहे: एखाद्या ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या) इनपुट पायाभोवती उघड्या तांब्याचं पूर्ण कडं. हा गार्ड रिंग. पीएच मीटरसारख्या यंत्रात इनपुटचा करंट इतका कमी असतो की बोर्डाच्या पृष्ठभागावरून झिरपणारी गळतीसुद्धा रीडिंग बिघडवते. कड्याचं व्होल्टेज इनपुटइतकंच ठेवलेलं असतं, त्यामुळे गळतीला वाहायला कारण उरत नाही. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत असं यंत्र भटकलेलं रीडिंग देऊ लागलं तर पार्ट बदलण्याआधी हा भाग अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा आणि मग बोटाने पुन्हा शिवू नका.

नागमोडी ट्रॅक : इथे सगळ्यात जास्त गल्लत होते

एकच आकार, पण कामं निदान पाच. म्हणून इथे सावकाश पाहावं लागतं.

मेमरी आणि प्रोसेसरच्या मधली बारीक, दाट वळणं लांबी जुळवण्यासाठी असतात. नेहमीच्या फायबरग्लासच्या बोर्डात सिग्नल १ नॅनोसेकंदात साधारण १५ सेंमी जातो. डीडीआर३-१६०० मेमरीत एका बिटला मिळणारा वेळ ०.६२५ नॅनोसेकंद. एक ट्रॅक शेजाऱ्यापेक्षा १ सेंमी लांब झाला तर दहावा हिस्सा वेळ तिथेच गेला. म्हणून आखूड ट्रॅकला मुद्दाम वळणं देऊन लांब करतात. असा ट्रॅक तुटला तर लांब जंपर वायरने जोडू नका. तुटलेल्या जागीच, जेवढी फट तेवढाच बारीक तुकडा घाला.

बोर्डाच्या काठाला, खाली-वर कुठेच तांबं नाही अशा जागी असलेली वळणं म्हणजे अँटेना. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंमी, तिचा चौथा भाग ३१ मिमी. तेवढी लांबी थोड्या जागेत बसवायची म्हणून ती घडी घालून ठेवतात. मास्क खरवडणं, वर सोल्डर चढवणं, धातूचा स्टिकर लावणं किंवा मॉड्यूलचं हे टोक लोखंडी डबीत घालणं, यांपैकी काहीही केलं तरी रेंज घटते. मॉड्यूल दुसऱ्या बोर्डावर बसवताना अँटेनाचं टोक बोर्डाच्या बाहेर राहिलं तर उत्तम.

मॉसफेट किंवा मोटर ड्रायव्हरजवळ वळणं घेणारा रुंद ट्रॅक, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या आतल्या कडेतून आयसीकडे निघालेल्या दोन केसासारख्या रेघा दिसल्या, तर तो करंट मोजणारा शंट. त्या दोन रेघा हीच त्याची खरी ओळख. करंट रुंद ट्रॅकमधून जातो आणि व्होल्टेज फक्त त्या रेघांमधून वाचलं जातं. ३५ मायक्रॉन तांब्यात लांबी आणि रुंदी सारखी असलेल्या प्रत्येक चौकोनाचा रोध सुमारे ०.५ मिलिओहम. चौकोन मोजा, अंदाज मिळेल. साध्या मीटरने हे मोजता येत नाही. करंट मर्यादा असलेल्या सप्लायमधून त्यातून १ अँपिअर सोडा आणि दोन टोकांमधले मिलिव्होल्ट वाचा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे असा शंट ओव्हरलोडला कट-ऑफ करायला पुरतो, अचूक मोजमापाला पुरत नाही. त्यावर सोल्डर चढवलं तर रोध कमी होतो आणि संरक्षण उशिरा लागतं. म्हणून वरच्या विभागात सांगितलेला ट्रॅक जाड करण्याचा उपाय इथे चालत नाही.

बोर्डभर एकच लांब ट्रॅक वळत गेला असेल आणि बाकी काहीच नसेल तर तो हीटर. थ्रीडी प्रिंटरचा एमके२ हीटबेड असाच असतो; १२ व्होल्टसाठी त्याचा रोध १ ते १.२ ओहमच्या आसपास येतो.

पाचवा प्रकार कार्ड स्वाइप करण्याच्या मशीनमध्ये. तिथे आतल्या भागाला झाकणारी केसासारख्या बारीक ट्रॅकची दाट जाळी असते. ती कापली किंवा शॉर्ट झाली की मशीन आतल्या गुप्त चाव्या पुसून टाकतं. अशी जाळी दिसली की काम थांबवा आणि मशीन अधिकृत सेवा केंद्राकडे द्या.

रुंद ट्रॅक मध्येच काही मिलिमीटर एकदम बारीक होऊन पुन्हा रुंद झाला तर तो बहुधा ट्रॅकमध्येच बनवलेला फ्यूज असतो. तो जळाला तर जाड तारेने जोडू नका. आधी तो का जळाला ते शोधा.

चक्राकार ट्रॅक

आरसी५२२ कार्ड रीडरच्या बोर्डावर चौकोनी फेऱ्यांची कॉइल दिसते; ती १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. डीसीला तिची दोन टोकं शॉर्टच दाखवणार. तपासायचं असेल तर वेढ्यांमध्ये खरचटलेली किंवा तुटलेली जागा भिंगाने पाहा आणि टोकांजवळच्या कपॅसिटरचं सोल्डर तपासा. बोर्डात आरपार खाचा असतील आणि त्यांतून फेराइटचा गाभा दोन्ही बाजूंनी बसवलेला असेल, तर त्याच्याभोवतीचे ट्रॅक हे ट्रान्सफॉर्मरचे वेढे आहेत.

मोकळी जागा आणि टोकदार त्रिकोण

अ‍ॅडाप्टरच्या बोर्डावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तांब्याविना रुंद पट्टा जातो, कधी ऑप्टोकपलरखाली (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणाऱ्या पार्टखाली) आरपार चीरही पाडलेली असते. एका अंगाला २३० व्होल्टची बाजू, दुसऱ्या अंगाला माणसाच्या हाताला लागणारी बाजू. ही सीमा सहसा ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर आणि निळा वाय-कपॅसिटर (या सीमेसाठीच बनवलेला सुरक्षा कपॅसिटर) एवढेच ओलांडतात. इथे जंपर टाकू नका, चिरेत गोंद भरू नका, फ्लक्सचा डाग राहू देऊ नका. निळ्या कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर लावणं म्हणजे घरातल्या कोणाला तरी शॉक देण्याची तयारी करणं आहे.

एकमेकांकडे टोक करून ठेवलेले दोन उघडे त्रिकोण म्हणजे स्पार्क गॅप. टीव्हीच्या सप्लायमध्ये लाइन फिल्टरच्या कॉइलखाली आणि टेलिफोनच्या तारेच्या इनपुटला ते नेहमी सापडतात. व्होल्टेज फार वाढलं की ठिणगी इथे पडते आणि पुढचे पार्ट वाचतात. वळवाच्या पावसात विजा झाल्यावर बंद पडलेला बोर्ड आला तर आधी ही टोकं पाहा. काळी पडली असतील तर सर्ज कुठल्या वाटेने आला ते कळतं. काजळी पूर्ण साफ करा, कारण कार्बन वीज वाहून नेतो. टोकं जवळ आणू नका, सोल्डर लावू नका.

व्हायांच्या रांगा

मेटल शील्डच्या कडेने किंवा रेडिओच्या ट्रॅकच्या दोन्ही बाजूंनी व्हायांची, म्हणजे थरांना जोडणाऱ्या बारीक भोकांची, ओळ असेल तर ती दोन थरांतल्या ग्राउंडला शिवते आणि सिग्नल बाहेर पसरू देत नाही. आयसीच्या पोटाखालची भोकांची जाळी उष्णता मागच्या बाजूला नेते. अशी आयसी काढताना बोर्ड खालून आधी गरम करावा लागतो, नाहीतर वरून कितीही हॉट एअर मारली तरी सोल्डर वितळत नाही आणि पॅड उखडतात. पॅडला चार बारीक आऱ्यांनी ग्राउंडशी जोडलेलं असतं ते याच्या उलट कारणासाठी, म्हणजे सोल्डरिंगची उष्णता पत्र्यात पळून जाऊ नये म्हणून.

मायक्रोवेव्ह : जिथे मीटर दोन्ही बाजूंनी फसतो

डीटीएच डिशचा जुना, निकामी एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा) मिळाला तर जरूर उघडून पाहा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जुनं सामान धुंडाळणाऱ्यांना तो सहज मिळतो. आकार वाचायला शिकण्यासाठी याहून चांगला बोर्ड नाही. इथे सिग्नल १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा, तरंगलांबी अडीच सेंमीच्या आसपास, आणि बोर्डावर चौथा भाग म्हणजे जेमतेम चार-पाच मिमी. त्यामुळे बोर्डावरची प्रत्येक मिलिमीटरची रेघ काहीतरी करत असते.

पंख्याच्या पात्यासारखे पसरलेले तांब्याचे तुकडे सप्लायच्या बारीक रेघेला चिकटलेले दिसतील. ते ग्राउंडला कुठेही जोडलेले नसतात, तरीही त्यांच्या फ्रिक्वेन्सीला ती जागा ग्राउंड झाल्यासारखीच वागते. शेजारी समांतर, पायऱ्यापायऱ्यांनी सरकत गेलेल्या पट्ट्या असतात. मीटरने पाहिलं तर एका पट्टीचा दुसरीशी संबंध नाही, पूर्ण ओपन. पण सिग्नल त्यांच्यातूनच जातो, आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सींचाच जातो. तो बँडपास फिल्टर आहे. अँटेनाच्या बाबतीत मीटर ‘शॉर्ट’ म्हणाला होता, इथे ‘ओपन’ म्हणतो. तुटलंय असं समजून या पट्ट्या सोल्डरने जोडल्या तर फिल्टर संपला.

पायरी ४ : तरीही ओळख पटली नाही तर

रेडिओ असलेल्या उपकरणावर एफसीसी आयडी छापलेला असेल तर तो शोधा. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेकडे दाखल केलेल्या कागदपत्रांत अनेकदा बोर्डाचे आतले फोटो उघड असतात. जवळच्या मुख्य आयसीची डेटाशीट उघडा आणि तिच्यातला सुचवलेला लेआउट पाहा. अनोळखी आकार पुष्कळदा तिथूनच जसाच्या तसा उचललेला असतो. तसाच चालू बोर्ड मिळाला तर दोन्हींवर त्या आकाराचा रोध मोजून तुलना करा.

कापणं टळतच नसेल तर आधी फोटो काढा. ट्रॅक सरळ आणि रुंदी कमी आहे तिथेच नव्या ब्लेडने दोन समांतर छेद द्या आणि मधला १ मिमीचा तुकडा उचला. वळणावर, व्हायाजवळ किंवा पॅडच्या गळ्याशी कापू नका. कापल्यावर मीटरने ओपन झाल्याची खात्री करा, तपासणी उरका, मग दोन्ही टोकांवरचा मास्क हलक्या हाताने खरवडून एका बारीक तारेच्या तुकड्याने फट भरा, आणि बोर्ड बंद करण्याआधी रोध पुन्हा मोजून आधीच्या आकड्याशी ताडून पाहा.